घरच्या लिनक्सला वायरने नेट जोडताना: भिंतीतल्या जॅकपासून डीएनएसपर्यंत

ठाण्यातला घोडबंदर रोड किंवा नवी मुंबईतलं घणसोली, खारघर, इथल्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट पटकन लक्षात येते. राउटर हॉलमध्ये दाराजवळ असतो, कॉम्प्युटर आतल्या खोलीत असतो आणि मधल्या दोन भिंती ओलांडताना वाय-फाय अर्धमेलं होतं. यातल्या बऱ्याच इमारती मिवान पद्धतीने बांधलेल्या आहेत. म्हणजे विटांचं काम जवळपास नाहीच, आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अशा भिंतीपुढे टिकत नाही. ठाण्याच्या नौपाडा-चरईतल्या जुन्या इमारतींत भिंती विटांच्या असल्या तरी जाड आहेत, शिवाय मजल्यावरच्या प्रत्येक घरात एक राउटर. टेबलावरून कधीच न हलणाऱ्या कॉम्प्युटरला अशा ठिकाणी वाय-फायवर ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याला वायर द्यावी.

लिनक्समध्ये वायर लावली की बहुतेक वेळा नेट आपोआप सुरू होतं. हा लेख त्या उरलेल्या वेळांसाठी आहे, आणि पत्ता कायमचा ठरवून द्यायचा असेल, केबलवाल्याची लाइन थेट कॉम्प्युटरला जोडायची असेल किंवा वेग हवा तसा मिळत नसेल त्यांच्यासाठी. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: तपासणी खालून वर करा. आधी वायर, मग कार्ड (कॉम्प्युटरमधला जो भाग वायरवर बोलतो तो), मग पत्ता (आयपी), मग गेटवे (घरातून बाहेर जायचा रस्ता) आणि सगळ्यात शेवटी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीची सेटिंग बदलू नका. जॅकमध्ये एक तार सुटलेली आहे आणि माणूस डीएनएसचे आकडे बदलत बसलाय, असं फार घरांत घडतं. मग वायर दुरुस्त झाल्यावरही नेट चालत नाही, कारण तोवर सेटिंगची वाट लागलेली असते.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजीत, छोट्या लिपीत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. उबुंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा यांच्या डेस्कटॉपला हे सगळं लागू पडतं.

पहिली पायरी: वायर

घरात नेट कसं येतंय ते आधी बघा. फायबर थेट घरात येत असेल तर भिंतीवर ओएनटीचा (फायबरचा सिग्नल लॅनमध्ये बदलणारा) डबा असतो आणि त्याच्या मागच्या लॅन पोर्टमधून कॉम्प्युटरपर्यंत तुमची वायर जाते. काही इमारतींत अजून फायबर गच्चीपर्यंत किंवा जिन्याखालच्या पेटीपर्यंतच येतं. तिथे स्विच असतो आणि पुढे प्रत्येक घराला तांब्याची लॅन केबल जाते. ही दुसरी तऱ्हा असेल तर केबलच्या लांबीचा अंदाज घ्या. लॅन केबलची मर्यादा स्विचपासून कार्डापर्यंत १०० मीटर. उंच टॉवरमध्ये डक्टमधून वळसे घेत येणारी वायर या मर्यादेच्या जवळ सहज पोचते.

घरातल्या घरात टाकायला कॅट ५ई पुरेशी आहे, एक गिगाबिट ती आरामात नेते. भिंतीत पाइपातून कायमची टाकत असाल तर कॅट ६ टाका. भिंत पुन्हा पुन्हा फोडायची नसते आणि कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही जातात. विकत घेताना दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: आतली तार शुद्ध तांब्याची आहे का? बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल भरपूर आहे. ती स्वस्त आणि हलकी असते, पण वाकवली की तुटते, तिचा रोधही जास्त. टोक सोलून तार खरवडली की आत पांढरट दिसते.

आता जॅक हातात घ्या. खटका मागे, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे आणि वायर खाली अशी धरली की डावीकडून रंगांचा क्रम असा दिसायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. आठही तारा पारदर्शक जॅकच्या पुढच्या भिंतीला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी मिलिमीटरभर मागे राहिली असेल तर तिच्यावर पट्टी नीट बसलेली नसते. शिवाय केबलचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलेलं हवं, नाहीतर सगळा ताण नुसत्या तारांवर येतो आणि कॉम्प्युटर पुसताना हलवला की नेट जातं.

या आठ तारांचा वेगाशी थेट संबंध आहे. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी सुटलेली असली तरी नेट बंद पडत नाही, कार्ड मुकाट्याने १०० वर उतरतं. ३०० चा प्लॅन घेऊनही वेग ९४-९५ च्या वर जात नसेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. १०० च्या जोडणीवर प्रत्यक्षात साधारण तेवढाच वेग मिळतो आणि गिगाबिटवर ९४० च्या आसपास. कंपनीला फोन लावण्याआधी जॅक नव्याने क्रिंप करून (तारांवर दाबून बसवून) घ्या.

पावसाबद्दल दोन शब्द. गच्चीवरून किंवा एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून येणारी तांब्याची वायर वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात धोकादायक असते. वीज थेट पडायचीही गरज नाही. आसपास पडली तरी वायरमध्ये दाब उसळतो आणि राउटरचं किंवा कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट जळतं. आकाश गडगडायला लागलं की प्लगसोबत लॅनची वायरही काढा. फायबरमधून वीज येत नाही, म्हणून निवड करता येत असेल तर घरापर्यंत फायबरच मागा.

दुसरी पायरी: कार्ड

वायर लावल्यावर पोर्टजवळचा दिवा लागायला हवा. मग टर्मिनल उघडून टाइप करा:

आयपी लिंक

हे दोन शब्द इंग्रजीत लिहिले की यादी येते. पहिलं नाव एलओ, ते कॉम्प्युटरचं स्वतःपुरतं असतं, सोडून द्या. वायरच्या कार्डाचं नाव ई-एन ने सुरू होतं: ईएनपी३एस०, ईएनओ१ असं काहीतरी. पूर्वी सगळीकडे ईटीएच० असायचं. पण दोन कार्डं असली की बूट होताना त्यांची नावं आपसांत बदलू शकत, म्हणून २०१३ पासून सिस्टिमडीने (लिनक्स सुरू करून त्याच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) कार्ड बोर्डवर कुठे बसलंय त्यावरून नाव द्यायला सुरुवात केली. ईएनपी३एस० म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. जुन्या लेखांतल्या आज्ञा उतरवताना ईटीएच० च्या जागी आपल्या कार्डाचं नाव घाला.

त्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर सिस्टिमला कार्ड दिसतंय, पण वायरच्या दुसऱ्या टोकाला जिवंत काही सापडत नाही. पुन्हा पहिली पायरी. ‘लोअर अप’ दिसलं तर वायर बोलतेय.

वेग कळायला सेटिंग्जमधलं नेटवर्क पान उघडा. ग्नोममध्ये (उबुंटू-फेडोराच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये) ‘वायर्ड’खाली ‘कनेक्टेड’च्या पुढेच १००० किंवा १०० असा आकडा लिहिलेला असतो. टर्मिनलवाल्यांसाठी:

सुडो ईटीएचटूल ईएनपी३एस०

यात ‘स्पीड’, ‘डुप्लेक्स’ आणि ‘लिंक डिटेक्टेड’ या तीन ओळी वाचा. डुप्लेक्स ‘फुल’ असायला हवा, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच वेळी चालतं. वेग हाताने १००० वर बांधून ठेवू नका. दोन्ही टोकं तो आपसांत ठरवतात आणि १०० वर अडकलेल्या जोडणीचं खरं कारण वायरमध्येच असतं.

यादीत कार्डच नसेल तर एलएसपीसीआय ही आज्ञा देऊन ‘इथरनेट कंट्रोलर’ची ओळ शोधा. तिथे दिसतंय पण आयपी लिंकमध्ये नाही, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही. घरगुती मदरबोर्डांवर रिअलटेकची चिप फार असते आणि तिचा आर८१६९ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो. बोर्ड अगदी नवा आणि कर्नल जुना असेल तरच अडतं, मग नवा कर्नल घ्यायचा. विंडोजही त्याच मशीनवर असेल तर आणखी एक शक्यता असते: विंडोज बंद होताना कार्डाला झोपवून जातं आणि लिनक्सला ते जागं करता येत नाही. विंडोजमध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. मग कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने चालू करा.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर, या पेचात सापडलात तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो वायरच्या जोडणीसारखाच दिसतो आणि काम निघतं. लॅन पोर्टच नसलेल्या लॅपटॉपला यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर लावता येतो. रिअलटेक ८१५३ किंवा एएसआयएक्स ८८१७९ चिपचे अडॅप्टर वेगळा ड्रायव्हर न लावता चालतात.

तिसरी पायरी: पत्ता

वायर आणि कार्ड ठीक असेल तर कॉम्प्युटर ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो आणि राउटर डीएचसीपीने पत्ता देतो. मिळाला का ते बघायला:

आयपी ए

‘इनेट’च्या पुढे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तिसरी पायरी झाली. काहीच नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर राउटरकडून उत्तर आलेलं नाही.

अशा वेळी आधी एक बघा, या कार्डाचा कारभार कोणाकडे आहे? डेस्कटॉप लिनक्सवर तो नेटवर्कमॅनेजरकडे असतो आणि तिथेच राहू द्यावा. पण लिनक्समध्ये याच कामाच्या आणखी वाटा आहेत: डेबियनची जुनी ‘इंटरफेसेस’ फाइल, सिस्टिमडीचं नेटवर्कडी, उबुंटूचं नेटप्लॅन. कुठल्या तरी जुन्या लेखातून ‘इंटरफेसेस’ फाइलीत कार्डाचं नाव उतरवलं की डेबियनमध्ये नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाला हातच लावत नाही आणि जोडणी ‘अनमॅनेज्ड’ दिसते. उपाय सोपा आहे: /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाइलीतून एलओ सोडून बाकी ओळींपुढे # लावा आणि मशीन पुन्हा चालू करा. एका कार्डाला मालक एकच असावा.

केबलवाल्याची लाइन थेट जोडायची असेल तर

मधे राउटर असावा हेच माझं मत. पण राउटर बिघडला आणि तोवर काम अडलंय, असं होतं. तेव्हा लाइन कुठल्या प्रकारची आहे ते माहीत हवं.

काही ऑपरेटर जोडणी मॅक क्रमांकाला (प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या ओळखीच्या नंबराला) बांधतात. लाइन राउटरच्या मॅकवर नोंदलेली असते, त्यामुळे कॉम्प्युटर जोडला की पत्ताच मिळत नाही. सरळ फोन करावा: ‘दादा, राउटर बंद पडलाय, कॉम्प्युटर थेट जोडलाय, त्याचा मॅक नोंदवून घ्या ना.’ नंबर आयपी लिंकमध्ये ‘लिंक/इथर’पुढे असतो, दोन-दोन आकड्याअक्षरांच्या सहा जोड्या. फोन लागत नसेल तर वायर्ड जोडणीच्या दातेरी चाकावर जाऊन ‘आयडेंटिटी’ टॅबमधल्या ‘क्लोन्ड अ‍ॅड्रेस’मध्ये आपल्याच राउटरचा मॅक भरा. तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. काही राउटरांत वॅन पोर्टचा मॅक छापलेल्यापेक्षा एखाद्या आकड्याने वेगळा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

लाइन पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड लागतो. ग्नोमच्या साध्या सेटिंग्जमध्ये त्याची जागा सापडत नाही. टर्मिनलमध्ये एनएम-कनेक्शन-एडिटर चालवा (एनएम ही दोन अक्षरं, मग दोन शब्द, मधे आडव्या रेघा), अधिकचं चिन्ह दाबून ‘डीएसएल/पीपीपीओई’ निवडा आणि कार्ड, युजरनेम, पासवर्ड भरा. पीपीपीओई डेटाच्या प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून तिथे एमटीयू (पाकिटाचा जास्तीत जास्त आकार) १५०० ऐवजी १४९२ असतो. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, असं होत असेल तर पिंग (पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) देऊन तपासा:

पिंग -एम डू -एस १४६४ १.१.१.१

इथला एम मोठ्या लिपीत. १४६४ मध्ये २८ मिळवले की १४९२ होतात. हे उत्तर आलं आणि १४७२ ला येत नसेल, तर जोडणीचा एमटीयू १४९२ ठेवा.

थेट जोडणीत राउटरची आड नसते. उबुंटूत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बसवलेली पण बंद असते. आधी ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ करा, मग वायर लावा.

आणखी एक खास शहरी अडचण: ओएनटीमध्येही राउटर आणि त्यापुढे आपला दुसरा राउटर. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आतल्या राउटरला बाहेर कुठलं आणि आत कुठलं हे कळत नाही आणि नेट पुढे सरकत नाही. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा, भांडण मिटतं.

पत्ता कायमचा ठरवायचा

घरातल्या कॉम्प्युटरवर फोटोंचा साठा शेअर केलाय, प्रिंटर त्याला लावलाय किंवा दुसऱ्या खोलीतून एसएसएचने (लांबून टर्मिनल उघडून) त्यावर काम करायचंय, तर पत्ता बदलत राहून चालत नाही. कायम पत्त्यासाठी सर्वांत चांगली जागा राउटर. त्याच्या पानावर ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, कॉम्प्युटरचा मॅक आणि हवा तो पत्ता लिहा. कॉम्प्युटरवर काहीच बदलावं लागत नाही. लिनक्स पुन्हा बसवलं तरी पत्ता तोच राहतो आणि लॅपटॉप असेल तर दुसऱ्या घरी नेल्यावर अडत नाही.

राउटर ऑपरेटरचा आहे आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडे नाही, असं असेल तर पत्ता कॉम्प्युटरवर द्या. समजा राउटर १९२.१६८.१.१ आणि तो १०० ते २०० मधले पत्ते वाटतो. आपण त्या पट्ट्याच्या बाहेरचा ५० घेऊ. पट्ट्यातला घेतला तर उद्या तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला दिला जाईल आणि दोन्हीकडे नेट येईल-जाईल. हा दोष शोधायला फार त्रास होतो.

ग्नोममध्ये: सेटिंग्ज, नेटवर्क, वायर्डपुढचं दातेरी चाक, ‘आयपीव्ही४’ टॅब. ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’. अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५०, नेटमास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. डीएनएसमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्वल्पविराम देऊन १.१.१.१, ८.८.८.८. मग ‘अप्लाय’. इथे बरेच जण फसतात: अप्लाय केलं तरी आयपी ए जुनाच पत्ता दाखवतं. वायर्डचं बटण एकदा बंद करून चालू करा, तेव्हाच नवी सेटिंग लागू होते. आयपीव्ही६ च्या टॅबला हात लावू नका, तिथे ‘ऑटोमॅटिक’ बरोबर आहे.

ग्नोमपेक्षा वेगळा डेस्कटॉप असेल किंवा मॉनिटरवर नुसतं टर्मिनल असेल तर एनएमटीयूआय ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करा. निळ्या पडद्यावर साधा मेनू येतो आणि माऊसशिवाय सगळं करता येतं. ‘एडिट अ कनेक्शन’मध्ये पत्ता मास्कसकट एकत्र लिहायचा असतो: १९२.१६८.१.५०/२४ (२४ म्हणजेच २५५.२५५.२५५.०). ती तिरकी रेघ आणि २४ विसरलात तर मास्क ३२ धरला जाऊ शकतो आणि शेजारचा राउटरसुद्धा लांबचा वाटायला लागतो. बदल करून मागे या आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट अ कनेक्शन’मध्ये जोडणी एकदा बंद-चालू करा.

गेटवे आणि डीएनएस

गेटवे म्हणजे सोसायटीचं मुख्य फाटक, बाहेर जायचं तर तिथूनच. तो कुठला ते ‘आयपी रूट’ सांगतं, ‘डीफॉल्ट व्हाया’च्या पुढे. मग या क्रमाने पिंग करा:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१
पिंग -सी ४ १.१.१.१

पहिलं चाललं, दुसरं नाही: घरातलं सगळं ठीक आहे, अडचण राउटरच्या पुढे आहे. आता ऑपरेटरला फोन करा आणि नेमकं हेच सांगा. दोन्ही चालतात पण साइट उघडत नाहीत: तेव्हा, आणि तेव्हाच, डीएनएसकडे वळा.

उबुंटूत /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडली की १२७.०.०.५३ दिसतं. ते चूक नाही. सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी नावाचा मध्यस्थ मशीनवरच बसलेला असतो, त्याचा तो पत्ता. ही फाइल हाताने बदलू नका, पुढच्या वेळी ती पुसून नव्याने लिहिली जाते. खरा डीएनएस कोणता ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दाखवतं. बदलायचा तर आयपीव्ही४ च्याच टॅबमध्ये डीएनएसपुढचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून आपले आकडे लिहा आणि जोडणी बंद-चालू करा.

वाय-फाय आणि वायर दोन्ही चालू असले तर? आयपी रूटमध्ये दोन डीफॉल्ट ओळी दिसतील, शेवटी ‘मेट्रिक’. नेटवर्कमॅनेजर वायरला १०० आणि वाय-फायला ६०० देतो आणि लहान आकडा जिंकतो. म्हणजे वाय-फाय बंद करायची सक्ती नाही. वायर निघाली तर काम वाय-फायवर चालू राहतं. वेग मोजताना मात्र वाय-फाय बंद ठेवा.

सगळं मनासारखं लागलं की सेटिंगची प्रत काढून ठेवा. फाइली /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्स या फोल्डरमध्ये असतात, मधल्या नावात एन आणि एम मोठ्या लिपीत. उबुंटू २३.१० पासून पुढे त्या /ईटीसी/नेटप्लॅनमध्ये सापडतील. पासवर्ड त्यात उघडा असतो, म्हणून प्रत पेनड्राइव्हवर ठेवाल तर तो पेनड्राइव्ह इकडेतिकडे देऊ नका. परत ठेवताना फाइलीची मालकी रूटकडे (मशीनच्या मुख्य युजरकडे) आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा. नाहीतर नेटवर्कमॅनेजर ती फाइल वाचतच नाही आणि यादीत जोडणी दिसत नाही.